काळ्या टोपीतला कौन्सिलचा माणूस

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि आम्ही इंग्लंडात रीडिंग गावी स्टेशनपासून वीस मिनिटांच्या अंतरावर एका भाड्याच्या घरात राहत होतो. बायको हॉस्पिटलात डॉक्टर. तिच्या शिफ्ट अशा काही लागायच्या, की महिन्यातले दोन-तीन शनिवार घरात मी आणि मुलगी दोघंच असायचो. अशाच एका शनिवारी जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपच्या खालच्या फळीवर तिला डीव्हीडींचा एक जाडजूड बॉक्स सापडला. कव्हरवर ताडपत्रीचं छप्पर घातलेली बैलगाडी होती. गाडीत आई, बाबा आणि मोठ्ठाल्या डोळ्यांच्या दोन मुली, आणि सभोवती नजर पोहोचेल तिथवर गवत. फार पूर्वी अमेरिकेत ओसाड माळावर जाऊन संसार थाटणाऱ्या एका कुटुंबाच्या गोष्टी इकडच्या मुलांच्या दोन-तीन पिढ्या वाचत आल्या आहेत. त्या कादंबऱ्यांवर जपानी लोकांनी कार्टून मालिका काढली होती, ती ही. मी बॉक्स उलटा करून मागचं काही वाचलं नाही. एरवी ऑफिसात इतरांनी रिक्वायरमेंट न वाचता काम सुरू केलं की मी त्यांना ईमेल करतो.

घरी येऊन डिस्क लावली. भाषा दोनच होत्या, जपानी आणि इटालियन. सबटायटल्स फक्त इटालियन. पडद्यावर मोठी मुलगी काहीतरी भराभर बोलली आणि आमची माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, ती काय बोलला?"

आता माझी अडचण समजून घ्या. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून आम्ही मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. बायकोनं आणि मी नाना उपाय करून पाहिले होते. आणि आज हा प्रश्न कोणीही न सांगता मराठीत आला होता. त्यात मुलीचा मुलगा झाला होता हे खरं, पण प्रश्न मराठीच होता. अशा वेळी 'मला जपानी येत नाही' असं सांगणं माझ्या जिवावर आलं. एका टोकियोच्या क्लायंटसाठी मी दोन आठवडे प्रोजेक्ट केला होता, तेवढ्या बळावर मी म्हणालो, "थांब, मी सांगतो. मला येतं जपानी."

पहिल्या भागात लाकडी घरात बाबा एक कागद हातात धरून गंभीर चेहऱ्यानं वाचत होता आणि आई पदरानं, म्हणजे ॲप्रनच्या टोकानं, डोळे पुसत होती. आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तेव्हा नुकताच सरकारदरबारी गेला होता, घरमालकही भाडेकरार पुढे वाढवायला कां-कूं करत होता. त्यामुळे मला दुसरं काही सुचलंच नाही. मी सांगून टाकलं, की घरमालकानं दोन महिन्यांची नोटीस दिली आहे आणि घर रिकामं करायचं आहे. मुलीनं मान हलवली. तिला ते लगेच पटलं. घरात हाच विषय चालू होता ना.

पुढच्या भागात कुटुंब बैलगाडीत बसून निघालं. बाबा वळून वळून मागे पाहत होता. मी त्याच्या तोंडी घातलं, "डिपॉझिट परत मिळेल ना गं?"

तिसऱ्या भागात काळ्या टोपीचा एक उंच माणूस गवतातून चालत आला. हातात कापडाखाली झाकलेलं काहीतरी. तो घराभोवती फिरला, भिंतीला हात लावून पाहिला आणि मोठ्यानं हसला. मी सांगितलं, हा कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस आहे. परवानगी न घेता घर बांधलं म्हणून तपासणीला आला आहे. मुलीनं त्या दिवसापासून त्याच्याशी उभा दावा मांडला.

एका शनिवारी बायको लवकर घरी आली आणि कोट न काढताच दारात उभी राहून पाच मिनिटं ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "ही माणसं सारखी व्हिसाबद्दल का बोलतायत?" मी नजरेनंच तिला विनवलं. ती चहा करायला गेली.

त्या महिन्याच्या अखेरीस सासूबाई नागपूरहून आल्या. सहा महिने राहणार होत्या. नागपुरात मुलींच्या एका शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि गॅदरिंगचं नाटक वर्षानुवर्षं त्यांनीच बसवलेलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एक न्यायाधीशबाई अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसत नाहीत, असं बायको सांगते.

पहिल्याच शनिवारी त्या आमच्यामागे सोफ्यावर बसून बघत होत्या. भाग संपल्यावर मुलगी पाणी प्यायला गेली, तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात मला विचारलं, "जावईबापू, तुम्हाला जपानी येते?"

मी खरं ते सांगितलं.

मला वाटलं आता खोटेपणावर प्रवचन होणार. पण त्यांची तक्रार वेगळीच होती. पडद्यावरच्या बाईचे ओठ दहा वेळा हलतात आणि तुम्ही तिला 'हो, बरं' एवढंच बोलायला देता, हे त्यांना खटकलं होतं. शिवाय माझा आवाज रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखा आहे, कोणत्याही प्रसंगी गाडी उशिरा धावत असल्यासारखा, असंही त्या म्हणाल्या. "ओठ हलतात तितकं तरी बोलून राहा," त्यांनी सांगितलं. "आणि बायकांची कामं माझ्याकडे द्या."

सोमवारी मी कामाला आणि मुलगी शाळेत गेली, की त्या टीव्हीचा आवाज बंद करून डिस्क लावायच्या. एका दोनशे पानी वहीत समास पाडून संवाद लिहायच्या. डाव्या बाजूला प्रवेश, उजवीकडे वाक्यं, मध्ये कंसात हावभाव. शुक्रवारी संध्याकाळी मला तालमीला बसवायच्या. मी जर्मनीच्या टीमचा कॉल चालू आहे असं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, जर्मनीला पाच मिनिटं थांबायला सांगा.

त्यांच्या हाती गेल्यावर गोष्ट झपाट्यानं सुधारली. पडद्यावरची आई आता नागपुरी ठसक्यात बोलायची. बाबानं भिंतीचा ओंडका उचलला की ती म्हणायची, "काहून एकटेच उचलून राहिले? पाठ धरली म्हणजे मग मीच शेकत बसू?" आमची मुलगी हे शब्द जसेच्या तसे उचलत होती. एके दिवशी मी एकट्यानं रिसायकलिंगचा डबा रस्त्यापर्यंत ओढत नेताना तिनं मला तेच विचारलं, तेव्हा शेजारच्या बागेतले आजोबा उगाचच हसले. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण सूर कळला होता.

एका भागात गवतावरून काही घोडेस्वार आले. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मूळचे लोक. ते दारात थांबून शांतपणे काहीतरी बोलले आणि घराकडे पाहत राहिले. मी नेहमीसारखं 'नमस्कार, सगळं ठीक?' असं काहीतरी उरकणार होतो. सासूबाईंनी मला थांबवलं. हे संवाद त्यांनी वहीत दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले होते. पुरुषाचा आवाज असूनही त्यांनी ते स्वतःच म्हटले: "ही आमच्या गुरांची, आमच्या येण्याजाण्याची जागा आहे. तुम्ही घर बांधलं ते कोणाला विचारून?" पडद्यावरचा बाबा गप्प होता. मी त्याला काहीच बोलायला दिलं नाही. मुलगी म्हणाली, म्हणजे कौन्सिलचा माणूस बरोबरच बोलत होता की.

आमची खरी कसोटी अकराव्या भागात लागली. काळी टोपीवाला गोठलेल्या ओढ्यात पडला. बाबानं त्याला ओढून बाहेर काढलं, घरात आणून शेकोटीजवळ झोपवलं, आणि सगळं घर हमसून हमसून रडायला लागलं. आता कौन्सिलच्या माणसासाठी इतकं कोण रडेल? सासूबाईंनी वहीत त्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "याची सही झाल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही." लहान मुलगी त्याच्या छातीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडत होती. तो वाचला. शुद्धीवर येऊन त्यानं सगळ्यांना कवेत घेतलं. मी सांगितलं, सही झाली. आमच्या मुलीनं टाळ्या वाजवल्या.

मार्चमध्ये शाळेत पुस्तकातल्या पात्राचा वेश करून जायचा दिवस असतो. दुकानात तयार पोशाख मिळतात, पण सासूबाईंनी ते हात लावून बाजूला ठेवले. त्यांनी आपल्या एका जुन्या सुती साडीचा घोळदार फ्रॉक शिवला. प्रश्न राहिला टोपीचा. त्या काळच्या मुली डोक्यावर कान झाकणारी, हनुवटीखाली बांधायची टोपी घालत, तिचा नमुना कुठे मिळेना. सासूबाई म्हणाल्या, ही तर आपली कुंची. बारशाला बाळाला घालतात तीच, फक्त माप मोठं. लेस्टरला राहणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीनं खणाचा तुकडा पोस्टानं पाठवला. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन माळरानावरची मुलगी जांभळ्या खणाची, जरीच्या काठाची, मागे पाठीवर झूल असलेली कुंची घालून शाळेत गेली. वर्गातली बाकीची मुलं बहुतेक जादूगार होती.

प्रत्येकानं आपल्या पुस्तकाबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं. हे मला आधी ठाऊक असतं, तर मी तिला त्या दिवशी ताप आणला असता.

साडेतीनला मी शाळेच्या फाटकाशी गेलो, तेव्हा तिच्या वर्गशिक्षिका माझी वाट पाहत होत्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या, फार सौम्य बाई. त्या म्हणाल्या, ही पुस्तकं त्यांनी लहानपणी इतक्यांदा वाचली की पानं सुटून आली होती. मग त्यांनी विचारलं, घरमालक, दोन महिन्यांची नोटीस आणि तपासणी अधिकारी यांचा भाग त्यांना आठवत नाही, तर तुमच्याकडे नक्की कुठली आवृत्ती आहे?

मी म्हणालो, "जपानी."

त्यांचा चेहरा उजळला. वर्गातल्या एका मुलीची आई जपानी आहे, तिला हे ऐकून फार आनंद होईल, असं त्या म्हणाल्या. मी घाईघाईनं विषय पार्किंगकडे वळवला. पण आमची कुंचीवाली माझा हात सोडून केव्हाच फाटकाशी उभ्या असलेल्या त्या जपानी बाईंपर्यंत पोहोचली होती. शनिवारी आमच्याकडे या, माझ्या बाबांना पण जपानी येतं, असं तिनं त्यांना सांगून टाकलं होतं.

ते तीन दिवस माझे फार वाईट गेले. मी प्लेअर बिघडवण्याचा विचार केला. बायको म्हणाली, मुलीला आजच खरं सांग. मी म्हणालो, उद्या सांगतो. सासूबाईंनी यात पडायला नकार दिला, कारण त्यांच्या मते त्यांनी कुठेही जपानी येतं असा दावा केला नव्हता, त्या फक्त नटी होत्या. त्या सांबारवडीच्या तयारीला लागल्या. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, म्हणून ती सांबारवडी. चार मोठ्या जुड्या निवडत त्या दोन दिवस बसल्या होत्या.

शनिवारी त्या जपानी बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. हातात छोटा केक, पायांत घरात घालायच्या स्वतःच्या सपाता. मला पाहताच त्यांनी जपानीत एक लांबलचक वाक्य म्हटलं. मी म्हणालो, "हाय," म्हणजे जपानीत 'हो', आणि वाकलो. मग आणखी वाकलो, कारण त्यामुळे बोलावं लागत नव्हतं. शेवटी माझी पाठ धरली.

डिस्क लावली. शीर्षकगीत सुरू झालं आणि त्या बाई वडी हातात धरून तशाच थांबल्या. डोळे भरून आले. त्यांनी सासूबाईंना इंग्रजीत सांगितलं, की त्यांची आई दोरीवर कपडे वाळत घालताना हेच गाणं म्हणायची. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता रडण्यात भाग निघून जाईल. पण मुलीनं नेमका अकरावा भाग लावला होता. तिचा सगळ्यात आवडता.

काळी टोपीवाला ओढ्यात पडला. सगळे रडले. मुलीनं पाहुण्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं, की आता फॉर्मवर सही कशी होणार म्हणून हे रडतायत.

बाई गोंधळल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग अतिशय नम्रपणे म्हणाल्या की नाही, हे त्यांचे अंकल आहेत.

सासूबाई पुढे सरसावल्या. "फादर्स ब्रदर ऑर मदर्स ब्रदर?"

आईचा भाऊ, बाई म्हणाल्या. धाकटा. दर वेळी बहिणीसाठी पाय घेऊन येतो. पाय म्हणजे पेस्ट्रीतलं सफरचंद.

सासूबाई सोफ्यावर मागे टेकल्या. "मामा," त्या पुटपुटल्या. "सख्ख्या मामाला आपण इतके दिवस दारात उभं ठेवलं." त्यांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी मुलींपुढची वड्यांची थाळीसुद्धा नकळत स्वतःच्या मांडीवर घेतली.

मुलगी माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचतात तशी बघत होती, आईसारखीच.

"बाबा, तुला जपानी येत नाही?"

"नाही."

"थोडी पण नाही?"

"तीन शब्द येतात."

"कुठले?"

"हो, थँक्यू आणि सर्व्हर."

तिनं कुंची काढली. ती त्या दिवशीही हट्टानं घालून बसली होती. नीट घडी करून बाजूला ठेवली आणि जपानी मावशींची उलटतपासणी सुरू केली. घरमालक होता का? नव्हता. नोटीस? नव्हती. पहिल्या भागातला कागद कसला होता? सामानाची यादी, पीठ, मीठ, खिळे. मग आई रडत का होती? कांदा चिरत होती. मी तो कांदा पाहिला नव्हता. पुन्हा पाहिलं तर समोरच पडला होता, चांगला मोठा.

मग तिनं विचारलं, की घरातून कोणी काढलं नाही, तर हे लोक घर सोडून गेले कशाला?

बाई म्हणाल्या, बाबांना सारखं वाटायचं की पुढे कुठेतरी आणखी चांगली जागा असेल. कारण एवढंच होतं.

मुलीला ते पटलं नाही. एवढ्यासाठी कोणी घर सोडतं का, असं तिनं मला विचारलं. सासूबाई थाळीवरून मान न उचलता म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हीही आम्हाला दोन वर्षांचा प्रोजेक्ट आहे असंच सांगून आले होते." त्याला बारा वर्षं झाली होती. मी केक कापायला घेतला.

सासूबाईंनी मग आपली वही आणली आणि परीक्षकासमोर ठेवावी तशी त्या बाईंसमोर उघडली. एकेक प्रवेश त्या इंग्रजीत सांगत गेल्या आणि बाई खरे संवाद सांगत गेल्या. सासूबाई लाल पेनानं स्वतःचीच वाक्यं खोडत होत्या. घोडेस्वारांच्या प्रवेशावर दोघी थांबल्या. बाई म्हणाल्या, इथे काही सांगता येणार नाही. ते लोक आपल्या भाषेत बोलतात, ती जपानीत दिलेलीच नाही. लहानपणी त्यांनाही कधी कळलं नाही की ते काय म्हणतात, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही.

"मग माझं राहू द्या," सासूबाई म्हणाल्या, आणि लाल पेनाचं टोपण लावलं.

त्यानंतर शनिवारचा कारभार बदलला. पहिला भाग पुन्हा लावायचा ठरला. जपानी मावशी वाक्य इंग्रजीत सांगायच्या, सासूबाई ते जागच्या जागी मराठीत करायच्या, आणि पात्रं वाटायचं काम मुलीनं स्वतःकडे घेतलं. दोन मुली म्हणजे ती आणि तिची मैत्रीण. मैत्रिणीला मराठीचा गंध नव्हता, पण दोन आठवड्यांत 'काहून' हा शब्द ती झकास म्हणायला लागली. आई सासूबाईंकडेच. बाबाचं काम जपानी मावशींना मिळालं. मामाला चांगला आवाज हवा म्हणून ते पद काही दिवस रिकामं ठेवलं.

मला बैल मिळाला. तो फारसा बोलत नाही, त्यामुळे त्यात खोटं बोलायला वाव नाही, असं मुलीनं मला शांतपणे समजावलं.

मी वाईट वाटून घेतलं नाही. पण सासूबाईंना बैलही पसंत पडेना. त्यांचं म्हणणं, मी आठ तास मीटिंगमध्ये बसल्यासारखा हंबरतो. हा बैल माळरान ओलांडून चालला आहे, त्याच्या आवाजात थोडी हिंमत पाहिजे. मी हिंमत घालून हंबरलो. मैत्रीण दचकून आईला बिलगली. मग मी अर्धी हिंमत घातली.

तेवढ्यात बायको शिफ्ट संपवून आली. बूट दारात काढले, कोट खुंटीला लावला, आणि आम्ही सगळे काय करतोय हे बघत क्षणभर उभी राहिली. इतक्या महिन्यांत तिला एकही काम मिळालं नव्हतं. मुलीनं पडदा पॉझ केला, गाडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आई, गाडीला दोन बैल आहे."

"आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"दोन बैल आहेत," मुलगी म्हणाली.

बायको माझ्याशेजारी गालिच्यावर येऊन बसली. दिवसभराची दमलेली होती, केस विस्कटलेले, गळ्यात अजून हॉस्पिटलचं ओळखपत्र. तिनं पडद्याकडे नीट पाहिलं, घसा साफ केला, आणि गाडी चालू झाल्यावर असं काही हंबरली, की सासूबाईंनी वही मिटली आणि बऱ्याच वर्षांनी आपल्या मुलीला पैकीच्या पैकी मार्क दिले.